इन्सर्टवरचं लोणार

मी लोणार तालुक्यातल्या बीबीचा. आयटीआयला टर्नर केलं आणि वाळूजला सीएनसी लेथवर उभा राहिलो. बारा वर्षं स्टील कापलं. मग टायटॅनियम आलं, हाडात बसवायच्या स्क्रूंसाठी. सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियमवाला मिश्रधातू. हाताला हलका, टूलला जड. त्यानं शिकवलेले हे सहा धडे.

१. स्टीलची सवय दारातच सोडा. मी पहिल्या दिवशी मिनिटाला दीडशे मीटरचा वेग ठेवला. तीन जॉबमध्ये टोक जळून काळं. स्टीलमधली बरीचशी उष्णता चिपबरोबर निघून जाते. टायटॅनियम मात्र साध्या स्टीलच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकीच उष्णता वाहून नेतं, मग ती टूलच्या धारेवरच ठाण मांडते. पन्नासवर आलो तेव्हा कुठे टूल टिकायला लागलं.

२. सोनेरी रंगाला भुलू नका. सोनेरी कोटिंग म्हणजे टायटॅनियम नायट्राइड, आणि सोयरा सोयऱ्याला चिकटतोच. चिप धारेला डसते, सुटताना कोटिंगचा पापुद्रा आणि खालच्या कार्बाइडचे कण घेऊन जाते. कोटिंग असतं दोन-चार मायक्रॉन. आपला केस सत्तरच्या आसपास. ॲल्युमिनियम घातलेलं गडद कोटिंग तापात जास्त तग धरतं. पण माझं मत विचाराल तर धारदार, बिनकोटिंगचं कार्बाइडही कमी नाही. जाड कोटिंगनं धार बोथट होते, ते इथं परवडत नाही.

३. खिशात भिंग ठेवा. चिप जिथून घसरत जाते तिथं इन्सर्टवर, म्हणजे टूलमध्ये बसवलेल्या कार्बाइडच्या तुकड्यावर, खड्डा पडतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसूच आलं: काठ उचललेला, मध्ये खोल, थेट आमचं लोणार! तिथं उल्का पडली होती. इथं तापलेल्या टूलमधला कार्बन आणि कोबाल्ट चिपमध्ये मुरत जातात. टायटॅनियममध्ये हा खड्डा धारेला अगदी खेटून पडतो. काठ पातळ झाला की धार एका क्षणात ढासळते, आवाजसुद्धा आधी बदलत नाही.

४. बाजूची झीज ०.३ मिलिमीटरवर गेली की टूल बदला. एका कारखान्यात ‘अजून दोन जॉब निघतील’ असं ऐकून मी थांबलो नाही. दोन निघाले, दोन्ही भंगारात. पृष्ठभाग ओरबाडलेला. सही माझी होती.

५. घासू नका. हा धातू स्टीलच्या निम्म्यानेच ताठ. टूलपुढे दबतो, मागून उसळतो. फीड चालू ठेवा, कापात थांबू नका.

६. मशीनशेजारी कोरड्या वाळूची बादली हवी. बारीक चिप्स पेटतात, आणि त्यावर पाणी मारायचं नाही. आमच्याकडे एकदा ट्रेमध्ये पांढराशुभ्र जाळ उठला, बघणाऱ्याचे डोळे दिपले. नवा पोरगा पाण्याचा पाइप घेऊन धावला, त्याला कमरेला धरून मागं ओढलं.

दसऱ्याला सोयाबीन सोंगायला घरी गेलो, तर शर्टाच्या खिशातून झिजलेला इन्सर्ट पडला. मायनं अंगठ्यानं धार चाचपली, विळ्याची चाचपते तशी.
“बसला हा. याले धार नाही लावता येत?”
“नाही माय. पण चार कोपरे असतात.”
“मंग एक बसला की दुसरा फिरवायचा. त्यात काय एवढं?”