बैलाचं शिंग आणि उन्हाची बाधा : वेळीच ओळखा



गळीत हंगामात आमचा बराचसा वेळ गाडीतळावर जातो. तिथं आमच्या हातून घडलेल्या एका चुकीपासूनच सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी एक गाडीवान आम्हांला म्हणाला, "सायेब, ह्यो बैल सारखं डोकं झटकतोय, उजवं शिंग खांबाला घासतोय." आम्ही म्हटलं, माशी लागली असेल, नाहीतर कानात गोचीड असेल. तीन आठवड्यांनी त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त मिसळलेला शेंबूड येऊ लागला आणि शिंग बुडाशी हलू लागलं. डॉक्टरांनी शिंगाचा कॅन्सर सांगितला. शिंग काढलं, पण रोग कपाळाच्या पोकळीत उतरला होता. बैल गेला. जोडीतला एक गेला की दुसरा नुसता दावणीला उभा राहतो आणि घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच राहते. गाडीवान आम्हांला एका शब्दानं बोलला नाही, तेच जास्त लागलं.

आम्ही शेतकी खात्यातली माणसं, जनावरांचे डॉक्टर नव्हे. पण त्यानंतर पशुवैद्यकीय दवाखान्यात बसून जे समजून घेतलं, ते इथं मांडतो.

मोठ्या बैलाच्या शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो, तो आतून पोकळ असतो, आणि ही पोकळी कपाळाच्या पोकळीमार्गे नाकापर्यंत जोडलेली असते. या पोकळीच्या अस्तरातच हा कॅन्सर उठतो. नाकातून रक्त का येतं, ते यावरून ध्यानात येईल. हा रोग आपल्या देशी वळूच्या जातींत, आणि त्यांतही खच्ची केलेल्या कामाच्या बैलांत, साधारण पाच ते दहा वर्षं वयात जास्त दिसतो. गाईंत कमी, म्हशींत तर फारच क्वचित. नक्की कारण एकच असं सांगता येत नाही. जुवाचा आणि दोराचा सततचा काच, शिंगं साळणं, रंग फासणं यांकडे जाणकार बोट दाखवतात. बेंदराला आणि पोळ्याला बैल सजवू नका असं आम्ही म्हणणार नाही, आमच्या घरचेही बैल सजतात. पण शिंग रक्त येईपर्यंत साळायची काय गरज? आणि ऑईलपेंटपेक्षा झूल, बाशिंगं घाला, बैल तेवढाच देखणा दिसतो.

ओळखायचं कसं? बैल डोकं झटकतो, एकच शिंग घासतो, मान त्या बाजूला कलती धरतो. शिंगाच्या बुडाला हात लावला तर गरम लागतं आणि बैल हात लावू देत नाही. मग टिचकी मारून पाहा. निरोगी शिंग बुडाशी पोकळ वाजतं, आत गाठ भरली असेल तर बद्द वाजतं. दुसऱ्या शिंगाशी ताडून पाहिलं की फरक कळतो. ही परीक्षा गाडीवान जू ठेवताना रोज करू शकतो, तिला पैसा लागत नाही. पुढं शिंग वाकतं, गळून पडतं, खाली फुलकोबीसारखं मांस वाढतं, त्यात अळ्या पडतात. तिथपर्यंत वाट पाहिली तर डॉक्टर तरी काय करणार?

उपचार आहे. शिंगाच्या बुडाची नस बधिर करून डॉक्टर शिंग मुळापासून काढतात आणि कातडीनं जखम झाकतात. त्यानंतर बऱ्याचदा व्हिनक्रिस्टीनची इंजेक्शनं शिरेतून, साधारण आठवड्याच्या अंतरानं देतात. हे औषध जहाल आहे, ते डॉक्टरांनीच द्यायचं. लवकर आणलेला बैल एका शिंगानं का होईना, पुन्हा गाडीला चालतो. डाग देणं, बिब्बा घालणं यात हंगामाचे मोलाचे दिवस जातात.

इथं एक खुलासा करतो. सभासद कॅन्सर आणि सार्कोमा हे शब्द एकत्र वापरतात. सार्कोमा हा कॅन्सरचाच एक प्रकार, पण तो मांस, हाड, चरबी, तंतू यांतून उठतो. शिंगाचा कॅन्सर अस्तरातला असल्यानं तो सार्कोमा नव्हे. मानेवर जुवाच्या जागी आलेली गाठ पाहूनही अनेकजण घाबरतात. ती बहुतेक वेळा साधी खांदेसूज असते. जू उतरवा, बैलाला विश्रांती द्या, डॉक्टरांना दाखवा. पू झाला असेल तर ते काढतील, गाठ कडक तंतूंची झाली असेल तर कापून काढतात. मात्र जिथं जू टेकत नाही अशा जागी गाठ आली आणि महिन्या-दोन महिन्यांत भराभर वाढली, तर तुकडा काढून तपासायला पाठवायला सांगा. नुसतं बघून सार्कोमा ठरत नाही.

आता उन्हाच्या बाधेकडे वळू. दुष्काळात वैरण संपते, किंवा परमुलखातून टोळीबरोबर आलेला बैल चरायला सुटतो आणि घाणेरी खातो. काही भागांत हिला टणटणी म्हणतात. या पाल्यातलं विष यकृतावर बसतं, पित्त अडतं. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारा एक पदार्थ एरवी पित्तातून बाहेर पडतो, तो आता रक्तात साठतो. त्याच्यावर ऊन पडलं की नाकपुडी, कान, पापण्या, कास अशी उघडी किंवा पांढरी कातडी भाजल्यासारखी होते, फुटते, सोलते. जनावर खात नाही, शेण घट्ट होतं, डोळे पिवळे दिसतात आणि ते सारखं सावली धरतं. अशा वेळी ताबडतोब अंधाऱ्या गोठ्यात बांधा, हिरवा चारा बंद करा, डॉक्टरांना बोलवा. पोट मंदावल्यानं पाला आत पडून राहतो आणि विष सुटतच राहतं. म्हणून डॉक्टर नळीनं औषधी कोळसा देतात, मोठ्या जनावराला सुमारे दोन किलो, शिवाय सलाईन. चुलीतला कोळसा चालत नाही.

जन्मतःच अशी बाधा असली तर तो पोर्फिरिया. रक्तातला तांबडा रंग तयार होताना शरीरात एक दोष राहतो आणि पोर्फिरिन नावाची द्रव्यं कातडीत, दातांत, हाडांत साठतात. वासराचे दात गुलाबी-तपकिरी दिसतात, लघवी लालसर होते, उन्हात नेलं की कातडी सुजते. हा रोग विरळा, होल्स्टीनसारख्या विदेशी रक्तात आढळलेला. पण लाल लघवी दिसली म्हणजे पोर्फिरिया असं ठरवू नका. ताप आणि अंगावर गोचीड असतील तर बबेसिओसिसचा संशय आधी घ्या. त्यावर इंजेक्शन आहे आणि उशीर केला तर जनावर दगावतं.

पोर्फिरियावर बरं करणारं औषध नाही. जनावर दिवसा गोठ्यात आणि चराई रात्री, एवढंच करता येतं. दोष आई-बाप दोघांकडून आला तरच वासरू आजारी पडतं, दोघं मात्र वरून धडधाकट दिसतात. असं वासरू जन्मलं तर ज्या वळूचं रेतन झालं त्याचा क्रमांक रेतन केंद्रात कळवा, आणि त्या गाईला पुन्हा त्या वळूचं किंवा त्याच्या वंशातलं रेतन करू नका.