पुनरुत्थानाचा सण आणि घरातील मुले

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम १२:२१–२८, योहान २०:१–१८, लूक २४:३६–४३



मिसर देशातून सुटका होण्याच्या रात्री देवाने इस्राएल लोकांस वल्हांडणाचा विधी लावून दिला, तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. ती ही की, पुढे तुमची मुले ह्या विधीचा अर्थ तुम्हांस विचारतील आणि तुम्ही तो त्यांस सांगावा. येथे प्रश्न मुलाकडे व उत्तर आईबापांकडे सोपविले आहे. याजकाकडे बोट दाखविण्याची मुभा नाही. आपल्या प्रभूचे मरण व पुनरुत्थान त्याच वल्हांडणाच्या दिवसांत घडले. म्हणून ईस्टरचा अर्थ शिकविणे हे प्रथम घराचे काम आहे, आणि मग शब्बाथशाळेचे व पाळकाचे.

परंतु आपल्या घरी काय होते? मुलास नवा सदरा मिळतो, गोडधोड होते, आणि शहराजवळच्या गावी असल्यास दुकानातील रंगीत अंडेही हाती पडते. ह्यात पाप नाही. परंतु आनंद कशाचा, हे मुलास ठाऊक नसते. ह्याचे कारण असे की, त्यास मरणाविषयी आपण खरे सांगितलेले नसते. ज्यास मरण कळले नाही, त्यास पुनरुत्थान कसे कळावे?

ह्याविषयी मी अनुभवाने लिहितो. मी सहा वर्षांचा असताना माझी धाकटी बहीण तापाने वारली. घरच्या मोठ्या माणसांनी मायेपोटी मला सांगितले की, ती मामाच्या गावी गेली आहे. मी रोज संध्याकाळी एस. टी.च्या थांब्यावर जाऊन बसत असे व उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या कडेकडे पाहत असे. असे कित्येक आठवडे गेले. मग ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी माझ्या आजीने मला हाताशी धरून कबरस्थानात नेले. तिला अक्षरओळख नव्हती. ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, तुझी बहीण येथे आहे. ती मोटारीने येणार नाही. ती मेली. येशूही खरोखर मेला व त्यासही लोकांनी कबरेत ठेविले. पण देवाने त्यास उठविले. त्याने मरीयेस नावाने हाक मारली, तशी एके दिवशी तो हिलाही मारील." त्या रात्री मी फार रडलो, परंतु दुसऱ्या दिवसापासून थांब्यावर गेलो नाही. पुढे सेमिनरीत ह्या विषयावर मी पुष्कळ ग्रंथ वाचले, तरी पाया त्या संध्याकाळी घातला गेला होता.

म्हणून माझी विनंती अशी की, ह्या सणात मुलास मरणावरून घाईने पलीकडे नेऊ नका. पुढील क्रम घरी चालविण्याजोगा आहे. वडील ऊसतोडीस गेले असतील, तर आईने अथवा आजीने तो चालवावा.

१. सणाचा दिवस मुलांनी शोधावा. ईस्टर दरवर्षी एकाच तारखेस येत नाही. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च व २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान पडतो. ती पौर्णिमा बहुधा होळीची अथवा चैत्री असते. मुलांस अंगणात चंद्र दाखवून सांगावे की, वल्हांडणही पौर्णिमेच्या सुमारास होत असे, आणि प्रभू गेथशेमाने बागेत प्रार्थना करीत होता त्या रात्रीही आकाशात मोठा चंद्र होता.

२. झावळ्यांच्या रविवारी गहू पेरावा. थंड मुलखांत ईस्टरच्या वेळी झाडे फुटतात. आपल्या खानदेशात तेव्हा पऱ्हाटी उपटून शेत उघडे पडलेले असते व पेरणीस मृगाची वाट पाहावी लागते. म्हणून मातीच्या परळात मूठभर गहू मुलाच्याच हाताने पुरवावा व रोज पाणी घालावे. आठ दिवसांत अंकुर दिसतील. प्रभूने आपल्या मरणाविषयी बोलताना हाच दाखला घेतला (योहान १२:२४). मात्र हेही सांगावे की, गहू आपल्या स्वभावाने उगवतो. येशू देवाच्या सामर्थ्याने उठला.

३. शुक्रवारी संध्याकाळी मरणाची गोष्ट सांगावी. रक्ताचे व खिळ्यांचे भयंकर वर्णन करून मुलास भेडसावू नये. आणि "तू खोड्या करतोस म्हणून येशूस मारले," असे तर कधीच म्हणू नये. तो का मेला असे मुलाने विचारल्यास जामिनाचा दाखला द्यावा. सोसायटीच्या कर्जास एखादा जामीन राहतो आणि कर्जदाराकडून फेड न झाल्यास ती स्वतः करतो, हे खेड्यातील मुलाच्या कानांवर आलेले असते. प्रभू आपल्यासाठी स्वखुशीने जामीन राहिला. पुनरुत्थान म्हणजे पूर्ण फेड झाल्याची देवाने दिलेली पावती होय.

४. शनिवारी कबर दाखवावी. आपल्याकडे कबर जमिनीत खणतात, म्हणून धोंडा लोटला म्हणजे काय केले हे मुलांस उमजत नाही. ती कबर खडकात खोदलेली होती. ज्यांनी अजिंठ्याची लेणी पाहिली असतील, त्यांस हे लवकर समजेल. इतरांसाठी ओल्या मातीची लहान गुहा करून तिच्या तोंडाशी वाटोळा दगड लावावा. त्या रात्री गोष्ट येथेच थांबवावी. शिष्यांसही एक दिवस असाच काढावा लागला.

५. रविवारी पहाटे दगड बाजूस करावा आणि योहान २० वाचावे. मरीया मग्दालिया रडत होती. प्रभूस तिने माळी समजले. त्याने तिला नावाने हाक मारताच तिने त्यास ओळखिले. येथे आपल्या मुलाचे नाव घेऊन सांगावे की, प्रभू तुलाही नावाने ओळखतो. मग त्यास बरोबर घेऊन कबरस्थानात जावे व आपल्या माणसाच्या कबरेवर फुले ठेवावी.

६. भुताची शंका दूर करावी. आपल्या गावांत भुताखेतांच्या गोष्टी पुष्कळ चालतात. म्हणून मेलेला मनुष्य दिसला हे ऐकून मूल भिते. शिष्यही असेच भ्याले होते. परंतु प्रभूने त्यांस हातपाय दाखविले आणि त्यांच्यादेखत भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. भूत जेवत नाही, हे मूल लगेच समजते.

हे सारे घरच्या बोलीत सांगावे. पंडिता रमाबाईंनी साध्या माणसांस कळावे म्हणून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत शास्त्राचे भाषांतर केले. त्या १९२२ साली निवर्तल्या व संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या विदुषीस सोपी भाषा कमीपणाची वाटली नाही, तर आपण चुलीपाशी अहिराणीत बोलण्यास का लाजावे?

ईस्टरनंतर काही आठवड्यांत आखाजी येते. शेजारी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. आपले मूल ते पाहते व विचारते, "आपली माणसे पाणी प्यावयास येतात काय?" तेव्हा शेजाऱ्यांची थट्टा करू नये, तेही आपल्या प्रिय माणसांचीच आठवण करीत असतात. मुलास इतकेच सांगावे की, आपली माणसे तहानलेली फिरत नाहीत. ती प्रभूजवळ आहेत, आणि तो उठला म्हणून तीही उठतील. ज्या घरात ईस्टरला खरे बोलणे झाले असेल, तेथे हे उत्तर शोधावे लागणार नाही.

मुलांस विचारावयाचे प्रश्न : येशू खरोखर मेला होता काय? सकाळी कबरेकडे प्रथम कोण गेले? मरीयेने प्रभूस कशावरून ओळखिले? तो भूत नव्हता हे शिष्यांस कसे कळले? तू कोणाला पुन्हा भेटण्याची आशा धरितोस?

शेवटचा प्रश्न विचारल्यावर गप्प बसावे व मुलास बोलू द्यावे. कदाचित ते अशा कोणाचे नाव घेईल, ज्याचे नाव घरात कोणी घेत नाही. तेव्हा डोळ्यांस पाणी आल्यास लपवू नका. कबरेपाशी मरीयाही रडली, आणि रडत असतानाच तिला प्रभू भेटला.