पद्मिनीचं इंजिन उतरवण्याआधी

अगं, मामंजींची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवलीस, मला फार आनंद झाला. घरातले म्हणतील, एवढ्या पैशांत दुसरी गाडी आली असती. म्हणू देत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी आता कुणी बनवत नाही, आणि मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. तुझ्या दारात आहे ती जपायलाच हवी. फक्त इंजिन खाली उतरवायच्या आधी माझं थोडं ऐक.

आधी तुझ्या मनाशी ठरव, गाडी चालवायची कशी. मुलांना शाळेत सोडणं, सिग्नलला उभं राहणं, सुट्टीत वाईला जाऊन येणं, एवढंच ना? मग 1089 सीसीचं ते इंजिन कंपनीनं दिलं तसंच बांधून घे. गॅरेजमध्ये कुणीतरी हमखास सुचवेल, कॉम्प्रेशन वाढवू, कॅमशाफ्ट बदलू, गाडी उडेल. अशा कॅमची ताकद वरच्या आरपीएमला मिळते, आणि आपल्याला ओढ हवी असते ती खाली, दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना. शिवाय चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वेग वाढवायचा तर आधी त्यांचा विचार करावा लागेल.

आणि खरंच सगळं इंजिन खोलायची गरज आहे का, तेही बघ. नळीतून निळा धूर येतो म्हणालीस, कधी येतो? सकाळी चालू करताना क्षणभर येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्हचे गाइड नाहीतर सील गेलेत, हेडच्या कामावर भागू शकेल. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत येत असेल तर रिंगांकडे संशय जातो. कॉम्प्रेशन टेस्ट करायला लाव. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येईल त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर दोघांच्या मधलं गास्केट जळलं असेल. यात अर्धा दिवस जातो आणि कधीकधी सगळ्या इंजिनकामाचा खर्च वाचतो.

हेड उतरलं की तू स्वतः तिथे हजर राहा. सिलिंडरच्या आतून, वरच्या कडेला नख फिरव. वरची रिंग जिथवर जाते तिथे झिजून एक कंगोरा झालेला असतो. त्यात नख अडकलं तर झीज झाली हे तुला तुझ्या बोटालाच कळेल. पण निर्णय नखावर घ्यायचा नाही, बोअर गेज लावायचं. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा असा मोजायचा आणि आकडे कागदावर लिहून घ्यायचे. मूळ माप 68 मिलिमीटर. क्रँकचे जर्नलही असेच मोजायचे. 'बघूनच कळतं' म्हणणारा मिस्त्री कितीही गोड बोलला तरी त्याला काम देऊ नकोस. बाई समोर आहे म्हटल्यावर काही जण आकडे सांगायचंच टाळतात. तू शांतपणे मागत राहा.

आता जे सांगते ते नीट लक्षात ठेव: पिस्टन आधी, बोअरिंग नंतर. ओव्हरसाइझ पिस्टनचा पूर्ण सेट रिंगांसकट हातात आला, मोजून झाला, की मगच ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवायचा. पद्मिनीचे पार्ट आता मिळतील ते घ्यावे लागतात. आधी बोअर करून बसलीस आणि त्या साइझचे पिस्टनच सापडले नाहीत तर पुढच्या साइझला जावं लागेल, नाहीतर स्लीव्ह घालावे लागतील. तू पुण्यातच आहेस, तेव्हा नाना पेठेत आधी चौकशी कर. मेन बेअरिंगच्या टोप्या खोलताना खुणा करून ठेवायला सांग; ज्या जागेची टोपी त्याच जागी परत बसली पाहिजे, आणि तोंडही त्याच दिशेला. बेअरिंग, गास्केट, वॉटर पंप हे नवंच घ्यायचं, आणि रेडिएटर आतून साफ करून घ्यायचा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात जुनं रबर टिकत नाही. इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅमही बदलून टाक. मिश्रणही त्यामुळे थोडं लीन होतं, म्हणून कार्बोरेटर शेवटी नीट लावून घे.

कुणी ब्लॉकच बदलू म्हणालं तर घाईनं हो म्हणू नकोस. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि आरसी बुकातही. नंबर बदलला की आरटीओची नोंद आली. तुझी गाडी 1986 ची, दर पाच वर्षांनी पासिंग होतं, ते तसंच चालू ठेव. पुढे पन्नाशी उलटली की कुणीतरी व्हिंटेज नंबर घ्यायला सांगेल. 2021 च्या नियमांप्रमाणे तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, आणि तुला तर चालवायचीच आहे.

इंजिन बांधून आलं की स्पार्क प्लग काढून आधी स्टार्टरवर फिरवायचं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. चालू झाल्यावर तासन्‌तास नुसतं आयडलला ठेवू नकोस, रिंगा बसायला थोडा लोड लागतो. मोकळ्या रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत आणि सोडत चालव. घाट आणि भरलेली गाडी सध्या नको. पहिलं ऑइल लवकर बदल, टॅपेट पुन्हा लावून घे.

पैशांचं घरात आत्ताच मोकळं बोलून ठेव. हेड उघडल्यावर खर्च वाढतोच, तेव्हा अंदाजापेक्षा जास्त रक्कम बाजूला असू दे. आणि बोअरचे आकडे आले की तो कागद मला पाठव. ते बघून पिस्टनची साइझ ठरवू, तोवर कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नकोस.