साथीच्या दिवसांत घरी पाहुणे उतरविताना

शेतीच्या उत्पन्नाला जोड म्हणून राहत्या घरातील एक-दोन खोल्या प्रवाशांस थोड्या दिवसांकरिता भाड्याने देण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात आता चांगला रुजला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर न्याहारी व निवासाची सोय करणारी घरे गावोगाव आहेत. पंढरपुरात वारीच्या दिवसांत वारकऱ्यांस घरी उतरवून घेण्याची रीत तर फार जुनी आहे. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषि-पर्यटन धोरण मान्य केले आणि अशा केंद्रांच्या नोंदणीचे काम पर्यटन संचालनालयाकडे सोपविले. मात्र त्याच वर्षी करोनाच्या साथीमुळे हा व्यवसाय कित्येक महिने बंद ठेवावा लागला. त्या अनुभवातून जे शिकावयाचे ते या लेखात मांडले आहे.

दूध वा भाजी यांचे गिऱ्हाईक माल घेऊन निघून जाते. पाहुणा मात्र आपल्या छपराखाली झोपतो, आपल्या रांजणातील पाणी पितो आणि घरातील मुलाबाळांशी बोलतो. तो शहरातून येतो, आपल्याकडून दुसऱ्या गावी जातो, आणि त्याच खोलीत दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गावचा मनुष्य येतो. म्हणून साथीच्या काळात असे घर म्हणजे अनेक वाटा एकत्र येण्याचे ठिकाण होते. ही गोष्ट ओळखून वागणाऱ्यास भिण्याचे कारण नाही. न ओळखता वागल्यास घरचे, शेजारचे आणि पाहुणे असे तिघेही संकटात सापडतात.

रोग घरात कसा शिरतो

साथीच्या रोगांचे येथे दोन गट मानणे सोयीचे आहे. पहिला गट हवेवाटे पसरणाऱ्या रोगांचा. करोना, इन्फ्लुएंझा, गोवर आणि कांजिण्या हे या गटातील होत. रोगी बोलतो, खोकतो, शिंकतो, तेव्हा सूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि बंद खोलीत ते बराच काळ तरंगत राहतात. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तासांपर्यंत तेथील हवेतून दुसऱ्यास लागण होऊ शकते. दुसरा गट पाणी, अन्न व मळ यांवाटे पसरणाऱ्या रोगांचा. पटकी, अतिसार आणि कावीळीचे काही प्रकार यांत येतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. रोगाची लागण होणे व रोग दिसू लागणे यांत काही काळ जातो. इन्फ्लुएंझात हा काळ एक ते चार दिवसांचा, करोनात दोन ते चौदा दिवसांचा, गोवरात साधारण दहा ते चौदा दिवसांचा, तर पटकीत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतचा असतो. गोवराचा रोगी अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवू लागतो. करोनाचा रोगीही ताप येण्यापूर्वी एक-दोन दिवस इतरांस बाधा करू शकतो. म्हणून दारात उभा असलेला पाहुणा ठणठणीत दिसतो एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. त्याचप्रमाणे आपल्या घरातील रोग पाहुण्यास लागू शकतो, याचेही भान ठेवावे.

आगाऊ रकमेचा नियम प्रथम ठरवावा

साथीच्या दिवसांत साबण, औषध, फवारणी यांचा विचार सर्वजण करतात. पैशाच्या व्यवहाराचा विचार क्वचितच कोणी करतो. वस्तुतः रोग घरात शिरण्याचे एक मोठे कारण या व्यवहारातच असते. ज्यास आजार सांगितल्याने पैसे बुडण्याची भीती वाटते तो आजार लपवितो. हे पाहुण्यास लागू आहे, तसेच यजमानासही लागू आहे.

उदाहरणादाखल समजा, एका खोलीचे भाडे रात्रीस १,५०० रुपये आहे. दोन रात्रींची नोंदणी झाली असून पाहुण्याने १,५०० रुपये आगाऊ पाठविले आहेत. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यास ताप येतो. रक्कम परत मिळणार नाही असे ठाऊक असेल तर तो तापाची गोळी घेऊन प्रवासास निघण्याचा संभव फार. रक्कम परत मिळणार असेल तर तो दूरध्वनी करून नोंदणी रद्द करील. यात यजमानाचे दोन रात्रींचे ३,००० रुपये बुडतात. परंतु तोच पाहुणा आला आणि घरातील दोन माणसे अंथरुणास खिळली, तर खोली निदान आठवडाभर बंद ठेवावी लागेल. हंगामात सात रात्रींचे १०,५०० रुपये गेले, औषधपाण्याचा खर्च वेगळा, आणि भातकापणी वा आंब्याची काढणी चालू असेल तर बदली मजुरांची मजुरी वेगळी. घरातील वृद्ध माणसाच्या जिवास धोका झाला तर त्याचा हिशेब रुपयांत मांडताच येत नाही.

यासाठी पुढील नियम लेखी करून नोंदणीच्या वेळीच पाहुण्यास कळवावेत :

(१) पाहुणा अथवा त्याच्या सोबतचे कोणीही आजारी पडल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल किंवा पुढील तारीख दिली जाईल. दाखला मागितला जाणार नाही.

(२) यजमानाच्या घरी आजार आल्यास अथवा शासनाने निर्बंध घातल्यास हाच नियम लागू होईल.

(३) पाहुणा मुक्कामात आजारी पडून त्यास अधिक दिवस राहावे लागल्यास त्या दिवसांचे भाडे किती घ्यावयाचे, हेही आधीच लिहून ठेवावे. केवळ जेवणखर्च घेणे उत्तम.

हे नियम पाळता यावेत म्हणून आगाऊ रक्कम थोडीच घ्यावी आणि पाहुणा प्रत्यक्ष येईपर्यंत ती खर्च करू नये. बहुतेक यजमान रक्कम परत करावयास कचरतात ते लोभामुळे नव्हे, तर तिच्यातून गाद्या, किराणा वा खत आधीच आणलेले असते म्हणून. ही रक्कम बँकेतील निराळ्या खात्यात ठेवल्यास ही अडचण येत नाही. मध्यस्थ कंपनीमार्फत नोंदणी होत असेल तर तिचे परताव्याचे नियम आधी वाचून घ्यावेत.

पाहुणे घ्यावयाचे की नाहीत

शासनाचा मनाईहुकूम असेल तेव्हा हा प्रश्न उरत नाही. मार्च २०२० मध्ये राज्यात १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नियम लागू झाले, तेव्हा सर्वांसच दारे बंद ठेवावी लागली. मात्र मनाई नसतानाही निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा असतो. घरात वृद्ध, गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा क्षय, मधुमेह यांसारख्या व्याधीने अशक्त झालेले माणूस असेल, आणि पाहुण्यांची खोली व घरच्यांची वावरण्याची जागा एकच असेल, तर साथ ओसरेपर्यंत पाहुणे घेऊ नयेत. खोलीस बाहेरून निराळे दार, उघडणारी खिडकी व स्वतंत्र शौचालय असेल तर काळजी घेऊन व्यवसाय चालू ठेवता येतो.

पाहुणा निघण्याच्या आदल्या दिवशी त्यास चार प्रश्न विचारावेत : कोणास ताप, खोकला वा घशाचा त्रास आहे काय? जुलाब-वांत्या होत आहेत काय? अंगावर पुरळ आहे काय? गेल्या पंधरवड्यात घरी वा शेजारी असा रोगी होता काय? प्रश्न विचारताना रक्कम परत मिळेल हे पुन्हा सांगावे. तसे सांगितल्यावाचून खरे उत्तर मिळण्याची आशा धरू नये.

खोली व हवा

२०२० साली लोकांनी भिंती, रस्ते व सामान यांवर औषधे फवारण्यात पुष्कळ श्रम व पैसा घातला. पुढे असे स्पष्ट झाले की करोना मुख्यतः हवेवाटे पसरतो. वस्तूंस स्पर्श झाल्याने होणारी लागण त्या मानाने थोडी. म्हणून हवेवाटे पसरणाऱ्या रोगांत पहिला उपाय मोकळी हवा हाच होय.

एक पाहुणा गेल्यावर खोलीची दारे-खिडक्या पूर्ण उघडाव्यात व निदान दोन तासांनी झाडलोट करावी. शक्य तर दोन पाहुण्यांमध्ये एक रात्र खोली रिकामी सोडावी. चादरी व अभ्रे न झटकता गोळा करून गरम पाण्यात साबणाने धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. जेवणाची पंगत माजघरात न बसविता पडवीत, अंगणात वा मांडवाखाली बसवावी. पाहुण्यांचे व घरच्यांचे जेवण निरनिराळ्या वेळी ठेवावे. आतल्या जागेत पाहुण्यांशी बोलताना तोंड व नाक झाकणारी चांगली मुखपट्टी वापरावी.

घरातील मुलांस गोवर-रुबेलाच्या लसीचे दोन्ही डोस, म्हणजे नवव्या महिन्यानंतरचा व सोळा ते चोवीस महिन्यांमधील, मिळाले आहेत याची खात्री करून घ्यावी. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली होती, हे विसरू नये.

पाणी व स्वयंपाक

पावसाळ्यात दुसऱ्या गटातील रोगांचे भय अधिक. यात्रेकरूंच्या वाटेवर पूर्वी पटकी पसरत असे ती मुख्यतः दूषित पाण्यामुळे. घरच्या विहिरीचे पाणी पाहुण्यांस देत असल्यास ते टी.सी.एल. भुकटीने शुद्ध करून घ्यावे. चांगल्या, ताज्या भुकटीचे प्रमाण सुमारे १,००० लिटर पाण्यास अडीच ग्रॅम असे धरतात. विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असेल तर पाणी सुमारे २८,००० लिटर भरते आणि त्यास ७० ग्रॅम भुकटी लागते. भुकटी बादलीत कालवून निवळी विहिरीत सोडावी, गाळ सोडू नये. एक तासाने ओ.टी. चाचणी करावी. उरलेला क्लोरीन लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम आढळला पाहिजे. जुनी, ओलसर भुकटी निःसत्त्व झालेली असते. तेव्हा केवळ मापावर न विसंबता चाचणीवर विसंबावे. चाचणीची सोय ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते.

पिण्याचे पाणी झाकून ठेवावे व लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. स्वयंपाक करणाऱ्यास जुलाब वा ताप असेल तर त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्याने करावा.

पाहुणा आजारी पडल्यास

आजारी पाहुण्यास रातोरात घराबाहेर काढणे हे निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय अहिताचेही आहे. तो एस.टी.त बसेल आणि रोग आणखी दहा ठिकाणी जाईल. त्यास त्याच खोलीत ठेवावे, आतील दार बंद व बाहेरील खिडकी उघडी ठेवावी. शुश्रूषा घरातील एकाच सशक्त माणसाने मुखपट्टी लावून करावी. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेस अथवा आशा कार्यकर्तीस त्याच दिवशी कळवावे. धाप लागणे, ओठ निळसर होणे, ग्लानी येणे वा लघवी बंद होणे ही चिन्हे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

जुलाब होत असल्यास जलसंजीवनी लगेच सुरू करावी. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. त्यासाठी लहान चहाचा चमचा वापरावा. अशा रोग्यास स्वतंत्र शौचालय द्यावे. मळ वा वांतीने घाण झालेली जागा एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम टी.सी.एल. भुकटी घालून केलेल्या द्रावणाने स्वच्छ करावी. हे द्रावण अॅसिडमध्ये कधीही मिसळू नये; विषारी वायू निघतो.

आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक व मुक्कामाच्या तारखा वहीत टिपून ठेवाव्यात. रोग निघाल्यास आरोग्य खात्यास याच वहीचा उपयोग होतो. ती इतर कोणास दाखवू नये. आपल्या घरी रोग आढळल्यास त्याआधीच्या चार-आठ दिवसांत राहून गेलेल्या पाहुण्यांस आपण होऊन कळवावे.

गोठा व खुराडे

शहरच्या पाहुण्यास गोठा पाहण्याची हौस असते. परिसरात लाळ्या-खुरकूत असेल तर पाहुण्यांच्या पादत्राणांवाटे व वाहनांच्या चाकांवाटे तो गोठ्यात येऊ शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी गोठा व खुराडे पाहुण्यांस पूर्ण बंद ठेवावीत.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

मार्च २०२० मध्ये अनेक गावांनी वेशीवर अडसर घातले. त्या वर्षी गणपतीस कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांस दहा दिवस विलग राहावे लागले. जेथे भीती व निंदा अधिक, तेथे माणसे प्रवास व आजार लपवितात. मग रोगाचा माग लागत नाही. म्हणून ज्या घरी रोगी निघाला त्या घराचा बोभाटा होऊ न देणे, हे ग्रामकार्यकर्त्यांचे पहिले काम आहे.

गावातील पाहुणे ठेवणाऱ्या घरांची यादी करावी. हंगामापूर्वी या सर्वांस एकत्र बसवून परताव्याचा एकच नियम गावाकरिता ठरवून घ्यावा, म्हणजे रक्कम परत करणाऱ्या एखाद्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार नाही. पाणी-चाचणीचा दिवस नेमून द्यावा, आरोग्यसेविका व आशा कार्यकर्ती यांचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक खोलीत लावून घ्यावेत. आजार उघडपणे सांगणाऱ्या पाहुण्यास व यजमानास या व्यवस्थेत तोटा होता कामा नये. एवढे साधले तर साथीच्या दिवसांतही हा जोडधंदा टिकेल आणि गावचे आरोग्यही सुरक्षित राहील.