सातजणींचा मोर्चा

(मोठ्या गटासाठी पाठ. पालकांनी मुलांबरोबर बसून वाचावा.)



मराठी माणसे म्हणजे गणपती बसवणारी माणसे, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते. मेडनहेडला आपण एकमेकांना भेटतो ते बहुधा गणपतीला नाहीतर दिवाळीला. त्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान राहतात, आणि त्यांच्यातही मराठीत लिहिणारे लेखक आहेत. आजचा पाठ त्यांच्यातल्या काही जणांविषयी आहे.

शाळेत आर.ई.च्या तासाला तुम्ही इस्लामचे पाच स्तंभ शिकता. आम्ही त्याच्या पुढचा प्रश्न घेतला आहे. धर्मात न्याय सांगितलेला असतो. पण घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला तो मिळाला नाही, तर त्याने काय करायचे?

१. धर्मात काय सांगितले आहे?

जकात तुम्हाला माहीत आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे शंभर पौंडांमागे अडीच पौंड, गरजूंना द्यायचे. हा देणाऱ्याचा मोठेपणा नव्हे. तो गरिबाचा वाटाच मानला जातो. पहिली अजान देण्याचा मान बिलाल यांना मिळाला. ते पूर्वी गुलाम होते.

स्त्रियांना वारसाहक्कात निश्चित वाटा सातव्या शतकातच सांगितला गेला. मुलीचा वाटा भावाच्या निम्मा होता, पण तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा पुरा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला, हे लक्षात घ्या.

घटस्फोटाविषयीही कुराणात सबुरी सांगितली आहे. दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमावा, समेट करून पाहावा, काही काळ थांबावे. तरीही नवऱ्याने एका दमात तीनदा 'तलाक' म्हटले की लग्न मोडले, अशी रूढी पडली आणि कित्येक बायका एका क्षणात घराबाहेर आल्या.

आमच्या संगणकाच्या धंद्यात नियम लिहून काम संपत नाही. तो सगळ्यांसाठी नीट चालतो की नाही, हे तपासावे लागते. समाजातही कोणीतरी ते तपासावे लागते.

२. विचारणारी माणसे

हमीद दलवाई यांचा जन्म १९३२ साली चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी झाला. ते मराठीतले नावाजलेले लेखक. 'लाट' हा त्यांचा कथासंग्रह आणि 'इंधन' ही कादंबरी. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने मुंबईत विधानसभेवर मुसलमान स्त्रियांचा मोर्चा गेला. मोर्चात बायका किती? फक्त सात! त्यांत दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसाही होत्या. तोंडी तलाक बंद करा, एकापेक्षा जास्त बायका करण्यास बंदी घाला, सर्व धर्मांच्या स्त्रियांना एकच कायदा लावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

पुढे २२ मार्च १९७० रोजी दलवाईंनी पुण्यात 'मुस्लिम सत्यशोधक मंडळ' स्थापन केले. 'सत्यशोधक' हे नाव जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या समाजावरून घेतलेले आहे. मंडळाला समाजातून कडवा विरोध झाला. १९७७ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, दलवाई वारले. पण काम थांबले नाही. मेहरुन्निसाबाईंनी ते चालवले. पुण्याच्या सय्यदभाईंच्या बहिणीला तोंडी तलाक मिळाला होता. त्या दुःखातून ते या कामात आले आणि जन्मभर राहिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

३. दोन वाटा

दलवाईंचे म्हणणे होते की माणसाचे हक्क राज्यघटनेने द्यावेत, त्यासाठी धर्मग्रंथाचा दाखला लागू नये. दुसरी वाट मुंबईच्या असगर अली इंजिनियर यांची. ते खरोखरीच इंजिनियर होते आणि मुंबई महापालिकेत त्यांनी वीसेक वर्षे नोकरी केली. कुराणाचा गाभाच न्याय आहे, म्हणून अन्यायी रूढी धर्माच्याच आधाराने दूर करता येतील, असे ते मांडत. २००७ साली सुरू झालेल्या 'भारतीय मुस्लिम महिला आंदोलना'तल्या बायकाही कुराण हातात घेऊनच हक्क मागतात.

कोणाची वाट बरोबर? २२ ऑगस्ट २०१७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द केला. पाचांपैकी तीन न्यायमूर्ती त्या बाजूचे होते. त्यांतल्या दोघांनी राज्यघटनेतल्या समानतेचा आधार घेतला. तिसऱ्यांनी सांगितले की या रूढीला कुराणाचाच आधार नाही. दोन्ही वाटांनी आलेली मते मिळाली तेव्हाच बहुमत झाले. मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी हा निकाल लागला. मेहरुन्निसाबाई त्याच वर्षी जूनमध्ये वारल्या होत्या.

४. इथली गोष्ट

हा प्रश्न फक्त भारतातला नाही. मेडनहेडच्या तेव्हाच्या खासदार थेरेसा मे गृहमंत्री असताना, २०१६ साली, त्यांनी ब्रिटनमधल्या शरिया कौन्सिलांची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होत्या प्राध्यापक मोना सिद्दिकी. २०१८ च्या अहवालात असे आले की बऱ्याच बायकांचा फक्त निकाह होतो आणि लग्नाची सरकारी नोंद होत नाही. मग लग्न मोडले की घटस्फोटाच्या कायद्याचे संरक्षण त्यांना मिळत नाही. निकाहाआधी किंवा निकाहाबरोबरच नोंदणी व्हावी, अशी शिफारस समितीने केली.

पालकांसाठी दोन शब्द

हा पाठ वाचून 'त्यांच्यात असेच असते' असे कोणी म्हणू नये. आपल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली झाला. कायदा होऊनही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, हे आपण सगळे जाणतो. मुलांनी विचारले, तर ते झाकू नये. आणि वर्गातल्या मुसलमान मित्रमैत्रिणींना तुमच्या मुलांनी या पाठातली गोष्ट सांगावी ती सातजणींच्या धैर्याची म्हणून. टोमणा म्हणून नव्हे.

शब्दार्थ
रूढी – पूर्वीपासून चालत आलेली रीत
मध्यस्थ – दोघांमध्ये समेट घडवणारा
वडिलोपार्जित – वाडवडिलांकडून आलेले
हक्कसोडपत्र – आपला वाटा सोडल्याचा कागद

स्वाध्याय
१. जकात आणि भीक यांत काय फरक आहे? दोन वाक्यांत लिहा.
२. सातजणींच्या तीन मागण्या कोणत्या? त्यांतली कोणती तुम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि का?
३. आजीला फोन करून विचारा : तिच्या माहेरच्या घरात किंवा जमिनीत तिला वाटा मिळाला होता का? ती जे सांगेल ते पाच ओळींत मराठीत लिहून पुढच्या शनिवारी आणा.