हळद, अब्जांश कण आणि मेंदूची वेस

हळद पाण्यात घातली तर विरघळत नाही. थोड्या वेळाने तळाशी बसते. तीच फोडणीत पडली की तेल क्षणात पिवळेधमक होते. स्वयंपाकघरात रोज दिसणारी ही साधी गोष्ट प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे.

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्याला कर्क्युमिन म्हणतात. फोगेल आणि पेल्तिए यांनी ते १८१५ मध्ये वेगळे काढले. वाळलेल्या हळदीत ते शेकडा दोन ते पाच इतकेच असते. मेंदूच्या संशोधकांना त्याचे आकर्षण का वाटावे? आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे शेकडा वीस तो एकटाच खर्च करतो. शिवाय मेंदूत स्निग्ध द्रव्य भरपूर. डब्यातले तेल हवेने खवट होते, तशाच जातीची क्रिया पेशींच्या स्निग्ध आवरणात होऊन त्या दुबळ्या होतात. परीक्षानळीत कर्क्युमिन या क्रियेला आळा घालते. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले, त्यात मेंदूत साठणाऱ्या ॲमिलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्यांनाही ते अटकाव करते.

परंतु परीक्षानळी म्हणजे माणूस नव्हे. १८८५ मध्ये पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्यांचे शिष्य गोल्डमान यांनी १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला : मेंदूभोवतालच्या द्रवात रंग घातला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे! मला हे दोन प्रयोग फार आवडतात. मधे वेस आहे हे इतक्या सरळपणे क्वचितच कुणी दाखवले असेल. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जखडलेल्या असतात, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून १९६७ मध्ये दिसले.

कर्क्युमिन तर या वेशीपर्यंतही पोचत नाही. आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते आणि जे जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करून टाकते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगलोरच्या अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पायपेरिन अवघे २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा रक्तातील प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. कारण पायपेरिन यकृताचे हे काम मंदावते.

दुसरा मार्ग अब्जांश कणांचा. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाके ज्या प्रकारच्या पदार्थाचे करतात, त्याच्याच शेदोनशे नॅनोमीटरच्या कणांत कर्क्युमिन भरता येते. कणावर पॉलिसॉर्बेट ८० या द्रव्याचा लेप दिला, तर रक्तातील एक प्रथिन त्याला चिकटते आणि केशवाहिनीच्या पेशी त्याला नेहमीचा चरबी वाहणारा कण समजून आत घेतात. सोंग घेऊन वेस ओलांडण्याचाच हा प्रकार! लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये असे कर्क्युमिनभरले कण अल्झायमरसदृश विकार निर्माण केलेल्या उंदरांना दिले. त्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी वाढल्या व स्मरण सुधारले.

हे सारे मी केवळ कुतूहलापोटी वाचले नाही. माझ्या आजीला स्मृतिभ्रंश आहे. ती मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारते. 'नॅनो हळदी'चे महागडे थेंब तिला सुरू करावेत, असा काकांचा आग्रह होता. म्हणून मी माणसांवरील प्रयोग शोधले. हाँगकाँगमध्ये ३४ रुग्णांना सहा महिने (२००८), अमेरिकेत ३६ रुग्णांना २४ आठवडे (२०१२) कर्क्युमिन देऊन पाहिले. गुण आल्याचा पुरावा मिळाला नाही. अर्थात ते कण नव्हते. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस येथे अतिसूक्ष्म स्वरूपातील कर्क्युमिन दिवसातून दोनदा ९० मिलिग्रॅम दिले, तेव्हा १८ महिन्यांत स्मरण सुधारले. पण ती माणसे अवघी चाळीस, आणि त्यांतील कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. काकांना मी हेच सांगितले. "आपली हळद अमेरिकेने पेटंट केली होती ती काय उगीच?" ते म्हणाले. ते पेटंट १९९५ चे, जखमा भरण्यासंबंधीचे. आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या हरकतीनंतर १९९७ मध्ये ते रद्द झाले. मेंदूशी त्याचा काही संबंध नव्हता. थेंब आणले नाहीत. हळद घालून दूध मात्र आजी आवडीने घेते, ते चालू आहे.

एक गोष्ट जाहिरातीत सहसा नसते. शिरेतून दिलेले बहुतांश अब्जांश कण मेंदूत न जाता यकृतात व प्लीहेत अडकतात. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचेही तसेच : २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काहींना यकृतदाह झाला, आणि अशा गोळ्यांपैकी अनेकांत शोषण वाढवण्यासाठी मुद्दाम पायपेरिन घातलेले असते. जेवणातल्या हळदीला यकृत जो अडसर घालते, तोच येथे काढून ठेवलेला असतो.