काय मोजायचे राहिले?

प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ होणे म्हणजे ती उमगणे नव्हे. व्हॅन हेल्मॉन्ट यांनी २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावून त्यास केवळ पाणी दिले. ५ वर्षांनी झाड १६९ पौंडांचे झाले. माती मात्र सुमारे २ औंसच घटली. झाड पाण्यापासूनच घडले, हा त्यांचा निष्कर्ष १६४८ साली मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

शिक्षकाने येथे थांबून विचारावे : काय मोजायचे राहिले? विद्यार्थी हवेपर्यंत स्वतः पोहोचले, की ते पडताळणारा प्रयोग त्यांनाच रचू द्यावा. विश्लेषण, मूल्यमापन व नवनिर्मिती ही उच्चस्तरीय विचारकौशल्ये अशीच रुजतात. ‘गॅस’ हा शब्द घडविणाऱ्या संशोधकाच्याही नजरेतून हवा निसटली, हे कळलेला विद्यार्थी कोणाचेही विधान तपासल्यावाचून स्वीकारणार नाही.